दाराबाहेर थांबविलेले तिघे

(शास्त्रवाचन : लूक २४ : १३-३५, मत्तय २५ : ३१-४६)



बर्फातील प्रवासाच्या गोष्टी आपल्या मंडळ्यांना नव्या नाहीत. साधू सुंदरसिंगांच्या हिमालयातील व तिबेटातील फेऱ्यांच्या हकिगती शब्बाथ शाळेत ऐकतच आपल्यापैकी पुष्कळजण लहानाचे मोठे झाले. आज जी हकिगत आपल्यापुढे ठेवावयाची आहे ती पृथ्वीच्या अगदी दुसऱ्या टोकाची आहे, आणि तिच्यातील मुख्य माणूस उपदेशक नव्हता, मिशनरीही नव्हता. तो दर्यावर्दी होता. परंतु अम्माऊसच्या वाटेवरचा अध्याय वाचताना ही हकिगत माझ्या मनात वारंवार येते, आणि ती मला पुरती स्वस्थ बसू देत नाही.

अर्नेस्ट शॅकल्टन हा १९१४ साली अठ्ठावीस माणसांची तुकडी घेऊन ‘एन्ड्युरन्स’ नावाच्या जहाजातून दक्षिण ध्रुवाकडील खंड पायी ओलांडण्याच्या इराद्याने निघाला. त्या खंडावर त्याला पाऊलही ठेवता आले नाही. १९१५ च्या जानेवारीत जहाज बर्फात अडकले, ऑक्टोबरात चेपून मोडले आणि नोव्हेंबरात बुडाले. (ते समुद्राच्या तळाशी तीन हजार मीटर खोल जवळजवळ शाबूत उभे आहे, हे २०२२ च्या मार्च महिन्यात शोधून काढण्यात आले.) जहाज सोडताना शॅकल्टनने प्रत्येकास सामान टाकून देण्याचा हुकूम केला व आरंभ स्वतःपासून केला. सोन्याच्या मोहरा बर्फावर टाकल्या. राणी अलेक्झांड्राने जहाजासाठी दिलेले पवित्र शास्त्रही तेथेच ठेवले. मात्र त्यातील काही पाने फाडून जवळ घेतली. त्यांपैकी एक पान ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायाचे होते. बर्फ कोणाच्या उदरातून निघाले, असे परमेश्वर ईयोबाला विचारतो ते हे पान. शास्त्र फाडल्याबद्दल कोणी नाक मुरडील. मला मात्र असे वाटते की, कोणते पान जवळ ठेवावे हे ज्याला अशा वेळी सुचले, त्याने ते पूर्वी वाचलेले होते. आपल्या घरातील शास्त्र सुस्थितीत आहे, पण असे एखादे पान आपणांस चटकन सापडेल काय?

पुढे बर्फावरून आणि उघड्या होड्यांतून ही माणसे एलिफंट बेटावर पोहोचली. तेथे कोणतेही जहाज येण्याचा संभव नव्हता. तेव्हा बावीस माणसांना तेथे ठेवून शॅकल्टन पाच सोबत्यांसह साडेबावीस फुटी होडीत बसला आणि २४ एप्रिल १९१६ रोजी निघून, जगातील अत्यंत खवळलेल्या समुद्रातून सुमारे पंधराशे किलोमीटर कापून, १० मे रोजी दक्षिण जॉर्जिया बेटास लागला. या बेटावर देवमासे मारणाऱ्या नॉर्वेजियन लोकांची ठाणी होती; पण ती बेटाच्या दुसऱ्या बाजूस. मध्ये हिमनद्या आणि डोंगर. त्यांतील सर्वांत उंच शिखर तीन हजार मीटरला थोडेच कमी आहे. बेटाचा तो अंतर्भाग त्यापूर्वी कोणी ओलांडलेला नव्हता, नकाशाही नव्हता. सहांपैकी दोघांना चालवत नव्हते. म्हणून होडी किनाऱ्यावर उपडी घालून तिची खोपटी केली, मॅकार्थी नावाच्या खलाश्यास त्या दोघांच्या शुश्रूषेस ठेवले, आणि १९ मेच्या पहाटे चंद्रप्रकाशात शॅकल्टन, वर्स्ली व क्रीन असे तिघे निघाले. तंबू नाही, पांघरूण नाही. पन्नास फूट दोर, सुताराचे एक तासण्याचे हत्यार, तीन दिवसांचे अन्न, आणि पाय घसरू नये म्हणून होडीचे पितळी स्क्रू काढून बुटांच्या तळव्यांत ठोकलेले.

छत्तीस तास हे तिघे चालले. एकदा संध्याकाळी धुके मागून चढत आले आणि उंचावर रात्र काढणे म्हणजे गारठून मरणे होते. तेव्हा दोराचे वेटोळे करून त्यावर तिघे एकामागे एक बसले व पुढे काय आहे हे न दिसता उतारावरून घसरत खाली गेले. पुढे एकदा दोघे थकून झोपी गेले असता शॅकल्टन जागा राहिला. पाच मिनिटांनी त्यांस उठवून त्याने सांगितले की, तुम्ही अर्धा तास झोपलात. अशा थंडीत झोप म्हणजे मरण, हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या भोंग्याचा आवाज कानी पडला. दुपारी, शेवटी एका धबधब्यातून दोराने उतरून, ते ठाण्याजवळ आले.

या छत्तीस तासांविषयी शॅकल्टनने १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात एक गोष्ट फार थोड्या शब्दांत नमूद केली आहे. चालताना त्याला वारंवार असे भासत होते की, आपण तिघे नसून चौघे आहोत. तो सोबत्यांजवळ काही बोलला नाही. पण पुढे वर्स्ली आपण होऊन त्याला म्हणाला की, वाटेत आपल्याबरोबर आणखी कोणी आहे असे मला सारखे वाटत होते. क्रीननेही तेच कबूल केले.

येथे मी दोन शब्द बजावून सांगू इच्छितो, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस. ही गोष्ट मुलांना सांगाल तर तिला मीठमसाला लावू नका. त्या चौथ्याचा चेहरा कोणी पाहिला नाही, त्याची शुभ्र वस्त्रे कोणी पाहिली नाहीत, तो कोणाशी बोलला नाही. उपासमार, झोप नसणे आणि अति श्रम यांमुळे माणसाच्या मनास असे भासते, असे जाणकार सांगतात, आणि त्यास पुरावाही आहे. १९३३ साली फ्रँक स्माइथ हा एव्हरेस्टच्या माथ्याखाली एकटाच चढत असता बरोबर कोणी आहे या जाणिवेने त्याने खाऊचा तुकडा मोडला व अर्धा देण्यासाठी मागे वळला. मागे कोणी नव्हते. अशा हकिगती आणखीही आहेत. तेव्हा हा शास्त्रसिद्ध चमत्कार आहे असे व्यासपीठावरून ठासून सांगण्यात अर्थ नाही. शॅकल्टनने स्वतः देवाचा हात आपल्यावर होता हे मोकळेपणी मानले. परंतु त्या चौथ्याला त्याने नाव दिले नाही. जे त्याने केले नाही ते आपण का करावे?

पण शास्त्रात पाहा. दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात अग्नीच्या भट्टीत चौथा दिसतो तो नबुखद्नेस्सर राजाला, बाहेर उभा राहून. ज्यांच्याबरोबर तो चालला ते शद्रख, मेशख व अबेदनगो भट्टीतून बाहेर आल्यावर त्या चौथ्याविषयी एक शब्दही बोलत नाहीत. निदान त्या अध्यायात तरी तो लिहिलेला नाही. आणि अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे? त्यांची अंतःकरणे वाटेत आतून पेटत होती. पण चालता चालता एकानेही दुसऱ्याला तसे म्हटले नाही. मेजावरून तो दिसेनासा झाला, मग त्यांनी एकमेकांना विचारले. शॅकल्टन आणि वर्स्ली यांचे अगदी असेच झाले. आपल्या घरांतही असेच होत नाही काय? दुखण्यात, कर्जात, मुलाच्या नोकरीच्या काळजीत नवराबायको दोघेही आतून कोणाच्या तरी आधाराने चालतात, आणि वर्षानुवर्षे एकमेकांजवळ त्याचा उच्चार करीत नाहीत. तो उच्चार करावयास कोणा उपदेशकाची गरज नाही.

परंतु आज मला चौथ्याविषयी फार बोलावयाचे नाही. त्याच्यावर पुस्तके झाली, व्याख्याने झाली. मला बोलावयाचे आहे ते त्या तिघांविषयी, ठाण्यावर पोहोचल्यानंतरच्या.

कल्पना करा. दाढ्या वाढलेल्या, केसांच्या जटा झालेल्या, कित्येक महिने अंघोळ नाही, जवळजवळ वर्षभर अंगावर तेच कपडे आणि त्यांच्याही चिंध्या. ठाण्यावर कदाचित बायकामाणसे असतील या विचाराने वर्स्लीने जपून ठेवलेल्या सेफ्टीपिना काढून पाटलोणीची ठिगळे सावरली. त्याने तो अधिकच विचित्र दिसू लागला! पहिल्यांदा त्यांना भेटली ती दोन लहान मुले. शॅकल्टनने त्यांना ठाण्याच्या मुख्याचे घर विचारले. मुले एकदा पाहून जी पळाली ती पळालीच. मग एक म्हातारा भेटला. तोही पाठ फिरवून लगबगीने निघून गेला. मग धक्क्यावरचा मुकादम. आम्ही बेट ओलांडून आलो, असे त्यांनी त्यास सांगितले. त्याचा विश्वास बसला नाही, कारण बेट कोणी ओलांडीत नसते. तरी तो त्यांना मुख्याच्या घरापर्यंत घेऊन गेला, आत गेला व म्हणाला की, तीन चमत्कारिक माणसे आली आहेत, बेट ओलांडून आलो म्हणतात, तुम्हांस ओळखतो म्हणतात. मी त्यांना बाहेरच थांबविले आहे.

ठाण्याचा मुख्य सोर्ले हा शॅकल्टनच्या चांगल्या ओळखीचा. दीड वर्षापूर्वी त्याने याच मंडळींचा पाहुणचार केला होता. तो दारात आला. तुम्ही मला ओळखत नाही काय, असे शॅकल्टनने विचारले. सोर्ले म्हणाला की, आवाज ओळखीचा वाटतो; आणि त्याने भलत्याच एका जहाजावरच्या माणसाचे नाव घेतले. तेव्हा शॅकल्टनने आपले नाव सांगितले. तत्क्षणी सोर्लेने हात पुढे केला आणि तिघांना आत घेतले. त्या रात्री बेटावर हिमवादळ उठले. डोंगरात ते सापडले असते तर त्यांच्यापैकी एकही वाचता ना.

मुकादमाला मी दोष देत नाही. त्याने म्हाताऱ्यासारखी पाठ फिरविली नाही, दारापर्यंत तरी नेले. आणि अनोळखी माणसास घरात घेताना शहाणपण लागतेच. घरी एकटी बाई असता अपरात्री कोणासही दार उघडावे असे प्रभूने कोठे सांगितलेले नाही. प्रश्न घराच्या दाराचा नाही. तो मंडळीच्या दाराचा आहे, आणि तोही भर सकाळी, उपासनेच्या वेळी, चाळीसपन्नास माणसे आत असताना.

आपल्या या मंडळ्या, बडोद्याच्या असोत, इंदूर-ग्वाल्हेरच्या असोत की हैदराबादेच्या, परमुलखात राहिलेल्या मराठी माणसांनी उभारलेल्या आहेत. आपले आजेपणजे कोणी मिशनच्या कामासाठी, कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत पोट भरण्यासाठी आले. ते सारे एके काळी कोणाच्या तरी दाराबाहेर उभे होते. आज त्याच मंडळीत एखादा नवा तरुण मागच्या बाकावर येऊन बसतो. गीताचे पुस्तक त्याच्याजवळ नसते. आशीर्वाद झाला की जो तो आपापल्या ओळखीच्या घोळक्यात जातो. मग कोणी वडील मंडळी त्याच्याजवळ येतात आणि चौकशी सुरू होते. कोणत्या मंडळीचे? पत्र आणले आहे काय? बाप्तिस्मा कोठे झाला? येथपर्यंत ठीक आहे. मंडळीची शिस्त असावी. पण पुढचे प्रश्न येतात. आडनाव काय? मूळ गाव कोणते? आजोळ कोठले? मराठी ख्रिस्ती माणसाला हे प्रश्न कशासाठी विचारले जातात ते विचारणाराही जाणतो आणि उत्तर देणाराही जाणतो. जी गोष्ट बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली असे आपण व्यासपीठावरून सांगतो, ती उपासनामंदिराच्या पायऱ्यांवर अशी हळूच वर काढून पाहिली जाते.

एका शहरातील मंडळीत मी हे डोळ्यांनी पाहिले. मराठवाड्याकडून कामासाठी आलेला एक जवान ओळीने तीन रविवार आला. पहिल्या रविवारी त्याची चौकशी झाली. दुसऱ्या रविवारी त्याच्याशी बोलणारी माणसे कमी झाली. तिसऱ्या रविवारी प्रभुभोजन होते. तो मागेच बसून राहिला, कोणी त्याला पुढे ये म्हटले नाही. चौथ्या रविवारी तो आला नाही, आणि त्याविषयी पंचांच्या सभेत कोणी विचारलेही नाही, कारण त्याचे नाव वहीत नव्हते. मंडळीचा हिशेब त्या वर्षी अगदी बिनचूक होता.

याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या वस्त्राच्या गरिबाला ‘तेथे उभा राहा’ असे सांगणाऱ्या मंडळीचे जे चित्र काढले आहे, ते आपण शब्बाथ शाळेत पाठ करवून घेतो. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात याहूनही एक विलक्षण गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. उजवीकडचे म्हणतात की, प्रभू, आम्ही तुला परका असा केव्हा पाहिले? आणि डावीकडचेही नेमके हेच विचारतात. दोघांनीही त्याला ओळखलेले नव्हते! उजवीकडच्यांची दृष्टी अधिक तीक्ष्ण होती, त्यांना चिंध्यांतून प्रभूचा चेहरा दिसला, असे तेथे लिहिलेले नाही. त्यांनी परक्याला परका म्हणूनच आत घेतले. ‘न जाणो, हा देवदूत असेल’ असा हिशेब करून जे दार उघडतात त्यांच्याविषयी मला थोडी शंकाच वाटते. इब्री लोकांस पत्र लिहिणारा १३ : २ मध्ये म्हणतो की, काहींनी नकळत देवदूतांचा पाहुणचार केला. ‘नकळत’ या शब्दावर बोट ठेवून ते वचन वाचावे. अब्राहाम मम्रे येथे भर उन्हात तंबूच्या दारात बसला असता तीन अनोळखी माणसे दिसताच धावत गेला. त्याने प्रथम पाय धुण्यास पाणी देऊ केले. नावगाव विचारल्याचे त्या अध्यायात दिसत नाही.

आता दक्षिण जॉर्जियाकडे परत चला, कारण तेथे अजून तिघे त्या उपड्या होडीखाली वाट पाहत आहेत. ज्या दिवशी शॅकल्टन ठाण्यावर आला त्याच रात्री वर्स्ली देवमाशांच्या शिकारीच्या एका जहाजावर बसला आणि बेटाला वळसा घालून वादळातून त्यांना आणावयास निघाला. तो वाटेत झोपला. तत्पूर्वी त्याने अंघोळ केली होती, दाढी केली होती, नवे कपडे चढविले होते. सकाळी जहाजाची होडी किनाऱ्यास लागली. खोपटीतील तिघे आनंदाने बाहेर आले. पण त्यांच्यापैकी एकजण खिन्न होऊन म्हणाला की, आपल्या माणसांपैकी निदान एकाने तरी यावयास हवे होते! वर्स्ली त्यांच्यापुढे उभा होता. मी आलोच आहे की, असे तो म्हणाला, तेव्हा ते डोळे विस्फारून पाहत राहिले. दोन आठवड्यांहून अधिक काळ एका होडीत अंगाला अंग लावून बसलेल्या माणसाला, दोनच दिवसांपूर्वी निरोप दिलेल्या माणसाला, त्यांनी ओळखले नव्हते. ते त्याला नॉर्वेजियन खलाशी समजले.

ही गोष्ट मला चौथ्या सोबत्यापेक्षाही अधिक गूढ वाटते. सोर्लेने शॅकल्टनला ओळखले नाही, कारण तो मळलेला होता. सोबत्यांनी वर्स्लीला ओळखले नाही, कारण तो स्वच्छ होता. आपल्या प्रभूच्या बाबतीत दोन्ही प्रकार घडतात. मत्तयात तो भुकेला, उघडा, आजारी, तुरुंगातला आहे, म्हणून ओळखू येत नाही. पुनरुत्थानाच्या पहाटे बागेत मरीयेला तो माळी वाटला. तिच्या मनातला प्रभू जखमांनी विदीर्ण झालेला, प्रेतवस्त्रांत गुंडाळलेला होता. पुढे उभा असलेला जिवंत होता. तिने त्याला ओळखले ते त्याने तिचे नाव घेतले तेव्हा. आपण प्रभूचे एक चित्र मनात पक्के करून ठेवतो, कोणी दिवाणखान्यात टांगून ठेवतो, आणि मग तो त्या चित्राबाहेरच्या रूपात आला की आपलेच कोणी आले नाही म्हणून खिन्न होतो. मंडळीत पाळकाची बदली होऊन नवा पाळक येतो. तरुण वेगळ्या चालीवर गाऊ लागतात. एखादी विधवा पंचांच्या सभेत खरी गोष्ट तोंडावर बोलते. आपण म्हणतो, यात प्रभू कोठे आहे?

अम्माऊसच्या दोघांनीही त्याला ओळखले नव्हते. तरी त्यांनी एक गोष्ट केली. गाव जवळ आले, तेव्हा तो आपण पुढे जात आहोत असे दाखवू लागला. हे वाक्य मी कित्येक वर्षे वरवर वाचून पुढे जात असे. पण येथे सारे अडलेले आहे. त्याने आपण होऊन घरात पाऊल टाकले नाही. त्यांनी आग्रह केला नसता तर तो गेला असता, आणि त्यांनी आपल्या घरात बसून, मेलेल्या प्रभूसाठी शोक करीत, दार लावून जेवण केले असते. त्यांनी त्याला दाराबाहेर थांबवून आत निरोप पाठविला नाही. दिवस मावळला आहे, आमच्याकडे राहा, एवढेच ते म्हणाले. नाव विचारले नाही. मग तो आत गेला, मेजास बसला, भाकर घेतली. आणि जो पाहुणा होता तोच यजमान झाला.

माझी शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस एक सूचना आहे. पुढच्या रविवारी मोठ्या मुलांच्या वर्गाला हा पाठ शिकविल्यावर दोन मुलांना मागच्या बाकाशेजारी बसवा. नवा माणूस आला तर त्याला गीताचे पुस्तक उघडून द्यावे आणि उपासनेनंतर आपल्या आईवडिलांकडे घेऊन जावे, एवढेच त्यांचे काम. मुले गाव विचारीत नाहीत. ठाण्यावरची दोन मुले घाबरून पळाली खरी, पण त्यांना कोणी काही सांगून ठेवले नव्हते. आणि त्या मुलांच्या आईवडिलांस माझी विनंती आहे की, रविवारच्या भाताचा अंदाज एका माणसाने वाढवून ठेवावा.

क्लयपा आणि त्याचा सोबती त्याच घटकेस उठले. थोड्या वेळापूर्वी रात्र होत आली म्हणून त्यांनी त्या परक्याला अडविले होते. आता तीच रात्र असता ते दोघे साठ स्टेडियमची, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरची वाट पुन्हा चालून यरुशलेमेस निघाले, बाकीच्यांना सांगावयास की, तो कोण होता.